डोक्याचा मान

माझी आत्या तापट आहे, असं आमच्या बाजारात कुणालाही विचारा, सांगतील. सांगेनात का. ती तापट का झाली असं विचारलं की मात्र सगळ्यांना एकदम कामं आठवतात. म्हणून मी सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. हळू बोलायचा गुण आमच्या घराण्यात कुणाकडेच नाही.

मासळी बाजाराच्या मागच्या बाजूला, बर्फाच्या पेट्या आणि गटार यांच्या मधे, कापणाऱ्या बायकांची ओळ आहे. प्रत्येकीसमोर कमरेइतका लाकडी ठोकळा, दोन सुऱ्या, धारेचा दगड, आणि पायात रबरी बूट. पहिला ठोकळा नळाला लागून. तो आत्याचा. नळाजवळचा ठोकळा म्हणजे बादल्या वाहायला नकोत, म्हणजे संध्याकाळी कंबर आपल्या जागी राहते. तो काही कुणी तिला दया म्हणून दिलेला नव्हता. मोठा मासा ती कण्यापासून असा सोडवायची की कण्यावर मांजरालासुद्धा काही उरायचं नाही. बाजारात तिला सगळे 'धार' म्हणत. सुरीमुळे की तोंडामुळे, ते ज्यानं त्यानं आपापल्या अनुभवावरून ठरवावं. दुसरा ठोकळा माझा. मी खवले काढायची, ती कापायची, आणि मधल्या वेळात खवले नीट निघत नाहीत म्हणून माझा उद्धार करायची.

आता दातेरीचं सांगते. पुस्तकात त्याला बाराकुडा म्हणतात म्हणे. आमच्या बाजारात दातेरी. लांबलचक, चंदेरी, पाठ काळपट, आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला, भांडायला तयार असलेल्या माणसासारखा. तोंड मिटलेलं असलं तरी दात दिसतात. किनाऱ्याजवळच्या उबदार पाण्यात, खडकांच्या कपारींपाशी तो एका जागी थांबून राहतो, आणि समोरून मासा गेला की झेप घेतो. जाळ्यात शिरला तर बाकीच्या मासळीचे तुकडे करून ठेवतो, म्हणून बोटीवरचे लोक त्याच्या नावानं बोटं मोडतात. लहान दातेरी रोजच यायचे आणि संध्याकाळीच विकले जायचे. पण अधूनमधून एखादा माझ्या छातीला लागेल एवढा यायचा. मग दोन हमाल त्याला उचलून आत्याच्या ठोकळ्यावर आणायचे, आणि त्याचं डोकं एका बाजूला, शेपटी दुसऱ्या बाजूला लोंबायची.

त्या मोठ्या दातेरीचा एक रिवाज होता. संध्याकाळी कापणारीनं डोकं वेगळं करायचं, पोट साफ करायचं, आणि डोकं आणि काळीज घरी न्यायचं. फुकट. बाकीचा मासा रात्रभर बर्फाच्या पेटीत ठेवायचा आणि सकाळी तो मोठ्या हॉटेलांत जायचा. रात्रभर का, तर मोठ्याचं मांस बर्फात बसल्याशिवाय घट्ट होत नाही. हे आम्हाला व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, त्याला त्याच्या बापानं. याला 'डोक्याचा मान' म्हणायचे. आत्या ते डोकं पिशवीत झाकून नेत नसे. कल्ल्यांत दोरी ओवून, भर रस्त्यानं, दहा लोकांना दिसेल असं न्यायची. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला विचारायचा, "आज कुणाचं डोकं उडवलंत?" आणि ती चालता चालता म्हणायची, "उद्या तुझा नंबर."

त्या व्यापाऱ्याला सगळे दादा म्हणत. त्यानंच तशी सवय लावली होती. मालक म्हटलं की दुखावल्यासारखं तोंड करायचा. "मालक कसला, ताई, तुमचा भाऊ आहे मी." पांढरा स्वच्छ शर्ट, आणि आमच्या ओळीत येताना बाह्या दुमडलेल्या, जसा काही आत्ता सुरी हातात घेणार आहे. कधी घेतली नाही. पण मोठा मासा कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आत्याकडे यायचा. "बरं आहे ना, ताई? घरी सगळे बरे? झोप लागली नीट?" आत्या म्हणायची, "सगळे ठणठणीत." मग तो मान डोलवायचा आणि पेटी उघडायला सांगायचा. माझ्या सख्ख्या भावानं मला कधी झोप लागली का म्हणून विचारलेलं नाही. ओळीतल्या बायका म्हणायच्या, माणूस असावा तर असा.

आत्याच्या आधी त्या ठोकळ्यावर एक म्हातारी होती. तिला थोरली म्हणत. मी लहानपणी तिला पाहिलंय. एके दिवशी ती म्हणायला लागली की बर्फ हाताला भाजतो. सुरी तव्यासारखी तापते. अंगाला मुंग्या येतात. सगळे हसले. म्हणाले, थोरलीचं वय झालं, डोकं फिरलं. तिनं काम सोडलं आणि ठोकळा आत्याकडे आला. दादानं थोरलीला जाताना साडी दिली. तेव्हाही सगळे म्हणाले होते, माणूस असावा तर असा.

आत्याचा नवरा, म्हणजे आमचे काका, शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं टेबल, भिंतीवर खिळ्यांना लटकलेले बिनबाह्यांचे शर्ट. आत्यासारख्या बाईशी लग्न केलेल्या माणसानं जितकं शांत असावं तितके शांत. गिऱ्हाइकानं कापड आणलं की ते डोळे मिटून अंगठ्यानं चाचपायचे आणि सांगायचे, हे पहिल्या धुण्यात आटणार, आधी भिजवून आण. खाण्याबद्दल त्यांचा काही आग्रह नसे, फक्त दातेरीच्या गालाचं मांस त्यांना फार आवडे. म्हणून ते नेहमी त्यांच्या ताटात जायचं. आत्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

त्या वर्षातला सगळ्यात मोठा दातेरी आला त्या दिवशी आत्याची दाढ सुजली होती. एका हातानं गाल धरून तिनं तो कापला. डोकं घेऊन घरी गेली, उकडलं, काकांना वाढलं आणि स्वतः दुधात पाव बुडवून गिळला. एरवी माझ्या घरी वाटीभर यायचं, कारण मी दोन घरं सोडूनच राहते. पण त्या दिवशी मी कामावरून परस्पर नणंदेकडे मुक्कामाला गेले होते.

सकाळी परत आले तर काका पुढच्या खोलीत जमिनीवर झोपलेले, शेजारी बादली. पोटात काही ठरत नव्हतं. आत्यानं माठातलं पाणी दिलं, तर एक घोट घेऊन त्यांनी पेला फेकला. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस म्हणतो, "उकळतं पाणी देतेस होय मला?"

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" आत्या खेकसली. "माठातलं आहे."

ते उठायला गेले. आधाराला टेबलावर हात टेकला आणि तो कात्रीवर पडला. त्यांची ती मोठी लोखंडी कात्री. चुलीला हात लागावा तसा त्यांनी हात ओढून घेतला आणि बोटं तोंडात घातली. आत्यानं कात्री उचलून आपल्या सुजलेल्या गालाला लावली. गार होती ती. आम्ही दोघींनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. म्हणाली, ठोके फार हळू पडतायत, यांना ठेवून घ्यावं लागेल. मग विचारलं, काल काय खाल्लं. गार वस्तू भाजते म्हटल्यावर तिनं पुढचं विचारण्याऐवजी सांगायलाच सुरुवात केली. खडकांवरच्या शेवाळात एक विष असतं. लहान मासे ते शेवाळ खातात, त्या माशांना दुसरे खातात, आणि दातेरीसारखा मोठा शिकारी त्या सगळ्यांना खातो. जितका मोठा, जितका जुना, तितकं त्याच्यात साठलेलं. डोक्यात आणि काळजात सगळ्यात जास्त. त्याला वास नाही, चव नाही, शिजवून ते जात नाही. प्रत्येक मोठ्या माशात असतं असंही नाही, त्यामुळे खाल्ल्याशिवाय कळत नाही.

"बरं कधी वाटेल?" आत्यानं विचारलं.

"जीव वाचेल. हातांचं सांगता येत नाही. काहींना आठवडे लागतात, काहींना वर्षं. पुन्हा मासा खाल्ला की परत उसळतं. त्रास कमी करायला औषध देते, पण विषावर औषध नाही."

आत्याच्या मनात तेव्हा पहिला विचार काय आला असेल? ऐका. माझा दंड धरून म्हणाली, "पळ. बाजारात जा. दादाला सांग, पेटीतला मासा बाहेर जाऊ देऊ नका. हॉटेलात माणसं खातील तो." नवरा आत पडलाय, आणि ही बाई त्या माणसाचा धंदा आणि चारचौघांचे जीव वाचवायला मला पळवते आहे.

मी पळाले. चप्पल तुटली, ती हातात घेऊन पळाले. दादा पेटीशी उभा होता. मला धाप लागली होती. मी एवढंच म्हणू शकले की काकांना दवाखान्यात ठेवलंय. मासा हा शब्द माझ्या तोंडातून निघायचा होता.

दादा म्हणाला, "डोकंच खाल्लं की काळीज पण?"

मी नुसती बघत राहिले.

"आणि ताईंनी खाल्लं का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. त्यानं हमालाकडे वळून सांगितलं, "पेटी रिकामी करा. लांब नेऊन पुरा, कुत्री उकरतील." हमालानं का म्हणून विचारलं नाही. फावडं तिथेच भिंतीला टेकून उभं होतं. दादानं हॉटेलात फोन लावला आणि म्हणाला, आजचा नाही, पुढच्या खेपेला बघू. मग माझ्या हातात काही नोटा कोंबल्या, काकांची काळजी घ्या म्हणाला, आणि हात धुवायला नळावर गेला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश वगैरे काही पडला नाही. मला नुसता राग आला, आणि कशाचा ते कळेना. दवाखान्याच्या बाकावर बसून मी आत्याला जसंच्या तसं सांगितलं. तिनं मला दोनदा सांगायला लावलं.

"कसे आहेत, असं नाही विचारलं?"

"नाही."

"डोकंच खाल्लं की काळीज पण, असं विचारलं?"

"हो."

समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना लिहिल्या होत्या, त्या वाचत असल्यासारखी ती बघत राहिली. मग म्हणाली, "थोरलीला बर्फ भाजायचा." "आणि मी इतकी वर्षं सकाळी उठून त्याला सांगत होते, ठणठणीत आहोत म्हणून. मी हो म्हटलं की मासा हॉटेलात. मी मेले असते की मासा खड्ड्यात. आणि ते डोकं मी मिरवत नेत होते गं, रस्त्यानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

काका घरी आले ते हातमोजे घालून. लोकरीचे, जाड. त्याशिवाय त्यांना कात्री धरवेना, मशीनचं चाक फिरवता येईना. आणि लोकरीच्या हातमोज्यांतून कापड काय कळणार? बाही कुठे फिरवायची ते कळेना, सुई सापडेना. गिऱ्हाइकं सुरुवातीला सावकाश द्या म्हणाली, मग कापड परत न्यायला लागली. काका ते नीट घडी घालून द्यायचे. आत्या तेव्हा आतल्या खोलीत जाऊन भांडी आपटायची.

ती कामावर परत गेली त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्या नोटा दादाच्या समोर ठोकळ्यावर ठेवल्या, रक्तामांसाच्या पाण्यात. सगळी ओळ बघत होती.

"हे तुमचं. मला एकच पाहिजे, दादा. चारचौघांत सांगा. डोकं मान म्हणून देत नव्हता, माणसावर पारखून बघायला देत होता. एवढं तोंडानं म्हणा, मी पुन्हा विषय काढणार नाही."

"ताई, तुम्ही दमला आहात," दादा म्हणाला. आवाजात साखर. "बापजाद्यांपासूनचा रिवाज आहे. प्रेमानं देतो आपण. आता एखाद्या वेळी मासा वाईट निघाला, योगायोग. माझ्या मनात असं येईल तरी का?"

"मग रात्रभर पेटीत का ठेवता?"

"मांस घट्ट व्हायला."

ती दुसऱ्या दिवशी परत म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. तो प्रत्येक वेळी तितक्याच गोडीनं योगायोग म्हणाला. आणि ओळीतल्या बायका? मूग गिळून गप्प. सुऱ्यांना धार लावत बसल्या, ज्या सुऱ्यांना धारेची गरज नव्हती त्यांनासुद्धा. शेवटी चिमणी बोलली. चिमणी म्हणजे ओळीच्या टोकाला उभी राहणारी बुटकी बाई, नवरा परागंदा, घरात चार पोरं. ती आत्याला नाही, दादाला म्हणाली, "हिला नको तर मला द्या डोकं. माझ्याकडे खाणारी तोंडं आहेत."

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. आत्या तिच्या अंगावर धावूनच गेली. "तुला ऐकू येत नाही का? बहिरी आहेस का?"

"ऐकू येतं," चिमणी म्हणाली. "तुझ्याकडे नवरा आहे, मशीन आहे. माझ्याकडे काय आहे ते सांग."

दुसऱ्या दिवशी दादानं चिमणीला नळाजवळचा ठोकळा दिला आणि आत्याला ओळीच्या टोकाला पाठवलं, गटाराशी. म्हणाला, "ताईंना जरा आराम." मीही माझा ठोकळा उचलून तिच्या शेजारी नेला. बादल्या वाहून दोघींच्या कंबरा गेल्या.

मोठा दातेरी आला तेव्हा तो चिमणीनं कापला. वाईट कापला, कण्यावर पुष्कळ मांस राहिलं. ते बघून आत्याला आणखी संताप आला. डोकं घेऊन चिमणी गेली. आत्यानं बूट काढले, हात धुतले आणि मला म्हणाली, "चल."

चिमणीची खोली म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि दोरीवर वाळत घातलेले चार गणवेश. स्टोव्हवर पातेलं. डोकं मोठं, पातेलं लहान, त्यामुळे तो पुढे आलेला जबडा पाण्याच्या वर, दात दिसतायत. पोरं भोवती बसलेली. वास खरंच फार छान येत होता.

"बाहेर हो," चिमणी म्हणाली. "माझ्या पोरांच्या तोंडातला घास काढायला आलीस?"

मला वाटलं आता झिंज्या धरतील एकमेकींच्या. पण आत्या उंबऱ्याच्या आत आलीच नाही. दारातच बसली.

"बहुतेक काही होणार नाही," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं काही झालं नाही. पण ऐक. आंघोळीला पाणी घेतलं तर तो माणूस ओरडतो. मी त्यांच्या हाताला हात लावला तर दचकतात. बायको आहे मी. झोपेत अंग खाजवून रक्त काढतात. तो तुला डोकं का देतो माहितेय? मी डोकं नको म्हणाले, म्हणून नाही. तुझ्या घरी चार पोरं आहेत म्हणून. एका नवऱ्यापेक्षा चार पोरं बरी. पक्कं कळतं."

चिमणीनं स्टोव्ह बंद केला नाही, पण हातातला डाव खाली ठेवला. धाकट्या पोराकडे बघितलं. पातेलं रटरटत होतं.

"मग सकाळी विचारायला आला तर काय सांगू?" ती म्हणाली.

आत्या हसली. ते हसणं मला आवडलं नाही. "माझ्याकडे काय आहे म्हणून विचारलंस ना मला? हे आहे. तो मासा जातो की राहतो ते तुझ्या तोंडच्या शब्दावर आहे. माझ्याही होतं, मला कळलं नाही."

पातेलं मागच्या खड्ड्यात ओतलं आणि वर माती लोटली. मी कोपऱ्यावरून पाव आणले. धाकटं पोरगं मांसासाठी रडत राहिलं, आणि त्याला रागवायचा धीर आमच्यापैकी कुणालाच झाला नाही.

सकाळी दादा बाह्या दुमडून आला. "बरं आहे ना, ताई? पोरं बरी?"

"कुठली बरी," चिमणी म्हणाली. "रात्रभर ओकतायत. मलाही गरगरतंय."

मासा खड्ड्यात गेला. पुढचं डोकं दुसरीला दिलं. तीही रात्रभर ओकत होती. त्याच्या पुढचं दादानं हमालाला दिलं, पण हमालाची बायको आमच्याच ओळीत उभी राहते, त्यामुळे त्याच्याही पोटात कळा आल्या. मग म्हणे मांजरावर करून बघितलं. बाजारातलं मांजर ते. दिवसभर फुकटची मासळी खाऊन टुम्म, त्यानं डोकं हुंगलं आणि जाऊन उन्हात झोपलं. ओळीत पहिल्यांदा सगळ्याजणी एकत्र हसल्या. आत्या सोडून.

कारण तिला मासे पुरायचे नव्हते. तिला ते एक वाक्य हवं होतं. "धंदा बुडला तर दुसरा करील," ती मला म्हणायची. "त्यानं सांगायला पाहिजे. नाहीतर लोक म्हणणार, शिंप्याला काहीतरी झालं, वय झालं."

आणि मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी एक भला मोठा दातेरी आला होता. चिमणीनं डोकं घरी नेलंच नाही, दादाच्या नकळत बर्फात दडवून ठेवलं. सकाळी हॉटेलचा खरेदीवाला स्वतः गाडी घेऊन आला. जाडा, हसरा माणूस. इतके दिवस मासा का मिळत नाही ते बघायला आला होता. दादा चिमणीकडे गेला, विचारलं, आणि चिमणीनं ठरलेलं सांगितलं.

त्या दिवशी दादाची साखर संपली. "खोटं बोलताय तुम्ही सगळ्या," तो म्हणाला. "मासा चांगला आहे. माझं नुकसान करायचं म्हणून चाललंय हे."

"चांगला आहे?" आत्या टोकावरून चालत आली. तिनं बर्फातून ते डोकं काढलं, गालाचा तुकडा कापला, आणि हमालांचा चहाचा स्टोव्ह असतो त्यावर तेलात परतायला ठेवला. कुणी तिला अडवलं नाही. मांस पांढरं झालं, कडा तांबूस झाल्या. एका बशीत घालून तिनं ती दादासमोर धरली. "आम्ही खोटारड्या. तुम्ही खरे. खा."

दादानं बशीकडे बघितलं. "मी सकाळी काही खात नाही."

"एक घास."

"ताई, लोक बघतायत. तमाशा नको."

आता तो खरेदीवाला बिचारा पहाटेपासून उपाशी. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. बायका आणि मालक यांचं कशावरून तरी वाजलंय, एवढंच त्याला दिसत होतं. तो हसला आणि म्हणाला, "अहो, वास तर मस्त सुटलाय. द्या इकडे, मी बघतो खाऊन." आणि त्यानं बशीत हात घातला.

दादानं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"नको," तो म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला. बर्फ फोडणारे थांबले. खरेदीवाल्यानं आधी आपल्या मनगटाकडे बघितलं, मग बशीकडे, मग दादाच्या तोंडाकडे, आणि तुकडा हळूच परत ठेवून बोटं शर्टाला पुसली. "नको म्हणजे?" त्यानं विचारलं. दादानं त्याचं मनगट अजून धरूनच ठेवलं होतं, सोडायचं विसरला होता.

आत्यानं त्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. "इतकी वर्षं मी तुझ्यासमोरून डोकं घेऊन घरी जात होते," ती म्हणाली. "माझा हात धरावासा एकदा तरी वाटला का रे तुला?"

आणि ती रडायला लागली. हातात बशी, उभ्या उभ्या, तोंडसुद्धा न झाकता. चिमणीनं तिच्या हातातून बशी काढून घेतली. मी आत्याला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला तिचाच राग आला. रडायचं होतं तर घरी रडायचं, त्या माणसासमोर कशाला? खरेदीवाला गाडीत बसून निघून गेला. बाकीच्या बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या आणि त्या दिवशी कुणी काही कापलं नाही.

घरी आलो तेव्हा काका हातमोजे घालून एका शर्टाला बटण लावायचा प्रयत्न करत होते. सकाळपासून ते एकच बटण. आत्यानं त्यांना सगळं सांगितलं, मधे मधे मीही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुई पडली, ती मी उचलून दिली.

"म्हणजे त्याला नको म्हणता येत होतं," काका म्हणाले, आणि दोरा पुन्हा सुईत घालायला घेतला.